पिक्सेल मुद्राक्षरे

पिक्सेल मुद्राक्षरे : पडद्यावरील पिक्सेल या चौरस ठिपक्यांच्या जाळीत बसवून घडविलेली अक्षरवळणे. प्रत्येक ठिपका भरावयाचा की रिता ठेवावयाचा, एवढाच निर्णय येथे आरेखकाच्या हाती असतो. त्यामुळे वक्र व तिरप्या रेषा पायऱ्यांसारख्या दिसतात. प्रारंभी ही यंत्राची मर्यादा होती. पुढे तेच या मुद्राक्षरांचे लक्षण ठरले.

१९७० नंतरच्या दशकात संगणकाची स्मृती महाग होती. ८ × ८ ठिपक्यांच्या जाळीतील एक अक्षर ८ बाइटांत मावते. म्हणजे १२८ चिन्हांचा संच १,०२४ बाइटांत साठविता येतो. अक्षरांमधील अंतरासाठी एक ओळ व एक स्तंभ मोकळा ठेवल्यास प्रत्यक्षात ७ × ७ ठिपकेच उरतात. क्विझ शो (१९७६) या ॲटॅरी समूहाच्या खेळातील अक्षरे याच मापाची असून त्यांतील उभ्या रेषा दोन ठिपके रुंद आहेत. नामको या जपानी कंपनीच्या खेळांतून या वळणाचा जगभर प्रसार झाला.

सुझन केर यांनी ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी (१९८४) शिकागो हे वळण तयार केले. त्यात अक्षरांची रुंदी त्यांच्या आकारानुसार कमीअधिक आहे. रेषा जाड असल्याने एकाआड एक ठिपके पुसून शब्द फिका केला, तरी तो वाचता येतो. निष्क्रिय आज्ञा दर्शविण्यासाठी याचा उपयोग झाला. झुझाना लिको यांनी १९८५ मध्ये ओकलंड, एम्परर इ. वळणे रचून जाळीचा स्वीकार सौंदर्यतत्त्व म्हणून केला.

पोस्टस्क्रिप्ट (१९८४), ट्रूटाइप (१९९१) यांसारख्या तंत्रांत अक्षराची बाह्यरेषा गणिती सूत्राने साठविली जाऊ लागली आणि ठिपक्यांच्या अक्षरांची तांत्रिक गरज ओसरली. तरीही खेळ, भित्तिपत्रके व बोधचिन्हे यांत गतकाळाची खूण म्हणून ती टिकून आहेत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०११ मध्ये संग्रहासाठी घेतलेल्या २३ मुद्राक्षरांत ओकलंडचा समावेश आहे.

रोमन लिपीला पुरणारी ही जाळी देवनागरीला मात्र अपुरी पडली. शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार व अनुस्वार, तर खाली उकार यांना जागा लागते. ती सोडल्यास आठ ओळींत मूळ अक्षराला जेमतेम तीनचार ओळी मिळतात. शिवाय जोडाक्षरांमुळे आकारांची संख्याही वाढते. कानपूरच्या आय.आय.टी.त आरंभ झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) विकसित केलेले जिस्ट कार्ड हा यावरील महत्त्वाचा उपाय होय. संगणकात बसविलेल्या या कार्डामुळे भारतीय लिप्या पडद्यावर आणता आल्या. जी काटकसर रोमन लिपीत एक शैली ठरली, तिच्यामुळेच देवनागरीला पडद्यावर येण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली.