आधी मजुराचे, मग सावकाराचे

सोलापुरात एखादा यंत्रमाग कारखानदार वारला की दिवसकार्य उरकण्याआधीच सूतवाला, बँकवाला, हातउसने दिलेला सोयरा असे सगळे दारात येतात. पैसा अपुरा असेल तर आधी कोणाचे फेडायचे?

याचे एक जुने उत्तर हैदराबादच्या वाटेवर, बसवकल्याणला लिहिले गेले. कल्याणीच्या चालुक्यांची ही राजधानी. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने इथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ रचली. कर्जे ज्या क्रमाने घेतली त्या क्रमाने फेडावीत, पण ब्राह्मणाचे सर्वांआधी आणि त्यामागून राजाचे, हा त्या स्मृतीचा नियम. म्हणजे देणेकऱ्याने आधी समोरच्याची जात पाहायची. दुसऱ्या एका स्मृतिकाराने, बृहस्पतीने, पिढ्यांचाही क्रम लावला: आजोबांचे कर्ज पहिले, मग वडिलांचे, शेवटी स्वतःचे. वडिलांचे व्याजासह फेडायचे, आजोबांचे नुसते मुद्दल. दारू-जुगारापायी केलेले कर्ज मात्र मुलावर येत नसे.

मुसलमान घरांत शरियतचा क्रम होता आणि आहे: दफनाचा खर्च, कर्ज, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत मृत्युपत्र, उरलेले वारसांना.

इंग्रजी कोर्टांनी पुत्राच्या धर्मकर्तव्याचा हुकूमनामा केला. बापाने काही मागे ठेवलेले नसले तरी मुलाने फेडायचे! मुंबई इलाख्यात 1866 च्या कायद्याने हे थांबवले आणि वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती ठेवली. तरीही वाडवडिलांचे कर्ज शेतकऱ्याच्या मानेवरून उतरले नाही, कारण सावकार वारसाच्या नावाने नवे खत लिहून घेई. 1875 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांचे सावकारांविरुद्ध दंगे पेटले, त्यामागच्या कारणांत हे वडिलोपार्जित कर्जही होते. 1879 चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी आला. त्याने कोर्टाला खतामागचा मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली.

आजचा क्रम 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात, कलम 320 ते 323 मध्ये आहे. आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च, शेवटच्या आजारपणातले डॉक्टरचे पैसे आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचा राहण्या-जेवणाचा खर्च. मग प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता) आणि कोर्टाचा खर्च. त्यानंतर मजूर, कारागीर आणि घरगड्याची शेवटच्या तीन महिन्यांची मजुरी. बाकीचे सावकार त्यानंतर. पैसा अपुरा पडला तर त्यांनी तो आपापल्या रकमेच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. ज्याच्याकडे मालमत्ता गहाण आहे त्याचा त्या गहाणावरचा हक्क वेगळा राहतो. ब्राह्मण आणि राजा ज्या पायरीवर होते तिच्याजवळ आता विणकर आणि मोलकरीण उभ्या आहेत. या साऱ्या इतिहासातला हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो.

हा क्रम मृत्युपत्रातल्या किंवा कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकाला बांधतो. सोलापुरातली बहुतेक घरे तिथवर जातच नाहीत, दारात जो जास्त आवाज चढवतो त्याचे आधी फेडतात. शिवाय कायद्यातल्या दुरुस्तीमुळे 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जासाठी हिंदू मुलाकडून वसुली करायला पुत्रधर्माचा आधारही कोर्ट मानत नाही. म्हणून वारसांनी आधी मालमत्तेची यादी करावी, कामगारांची मजुरी चुकती करावी आणि तोवर कोणाच्याही नव्या कागदावर सही करू नये.