बोटांखालची ओळ

अंधांच्या वाचनाचा इतिहास सांगताना लुई ब्रेलपाशी थांबण्याची आपली सवय आहे. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा टिंबांची लिपी सिद्ध केली. आपल्याकडे १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समाईक लिपी ठरली आणि मराठीच्या ‘ळ’ला चौथे, पाचवे व सहावे टिंब मिळाले. परंतु संगणक आल्यावर या लिपीचे काय झाले, हा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावली प्रथम फार महाग होत्या. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य आज्ञावली लिहावयास घेतली. जेम्स टेह हे दुसरे अंध तरुण त्यांना येऊन मिळाले. आवाज स्वस्त झाला. तथापि ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. आमची हयात टिपण्या लिहिण्यात गेली, म्हणून सांगतो : ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील फरक कानाला क्वचितच कळतो. ब्रेलमध्ये पहिली वेलांटी दुसऱ्या-चौथ्या टिंबांची, दुसरी तिसऱ्या-पाचव्या. बोट चुकत नाही. ज्या मुलाने शब्द केवळ ऐकले, त्याचे शुद्धलेखन कोठून येणार?

संगणकाची ओळ बोटाखाली आणणारे यंत्र मात्र हाती येत नव्हते. त्याच्या प्रत्येक घरात आठ सूक्ष्म खिळे असतात. विजेचा दाब दिला की किंचित वाकणारी पिझोइलेक्ट्रिक पट्टी प्रत्येक खिळा वर उचलते. चाळीस घरे म्हणजे अशा ३२० पट्ट्या! गिऱ्हाईक थोडे, कारखाने मोजके. त्यामुळे किंमत कित्येक हजार डॉलर. सामान्य घराने तो विचारही करू नये.

ही कोंडी फोडण्यासाठी अनेक देशांतील अंधकल्याण संस्थांनी मिळून ‘ट्रान्सफॉर्मिंग ब्रेल ग्रुप’ स्थापन केला. त्यातून निघालेला वीस घरांचा ‘ऑर्बिट रीडर’ २०१६ मध्ये जाहीर झाला आणि अमेरिकेत आरंभी ४४९ डॉलरांस विकला गेला. खिळे ठसठशीत उठतात, पण ओळ बदलताना खडखडतात आणि वेळही घेतात. मधले एखादे अक्षर सुधारायचे तर थेट त्यावर जाण्याची कळ नाही. स्वस्ताईसाठी एवढे सोसणे आम्हांस रास्त वाटते.

आपल्या देशातही हात चालत होते. मुंबईच्या इनोव्हिजनने चुंबकीय शक्तीवर खिळे हलवणारे वीस घरांचे ‘ब्रेल मी’ सिद्ध केले. आयआयटी दिल्लीचे ‘डॉटबुक’ २०१९ मध्ये वीस व चाळीस अशा दोन्ही घरसंख्यांत आले. त्यासाठी तेथे मूळ आकार ‘लक्षात ठेवणाऱ्या’ मिश्रधातूवर संशोधन झाले होते. ऊब मिळाली की ही तार आखडते.

आता घरांच्या संख्येचा मराठीपुरता हिशेब पाहा. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा. ब्रेलमध्ये प्रत्येक जोडाक्षरासाठी हलन्ताचे टिंब आधी येते, काना आणि अनुस्वार वेगळे घर घेतात. तो शब्द अकरा घरे व्यापतो. वीस घरांच्या यंत्रावर त्यानंतर नऊच घरे उरतात, आणि त्यांतले एक मोकळ्या जागेचे.