साहस-मॉड्यूलचे विश्वांतर

साहस-मॉड्यूलचे विश्वांतर : एका काल्पनिक विश्वाला धरून लिहिलेली व छापून प्रसिद्ध झालेली साहसकथा दुसऱ्या काल्पनिक विश्वात खेळता यावी, यासाठी तिच्यात केले जाणारे फेरफार. हा प्रकार रोलप्लेइंग गेम अर्थात भूमिकाखेळात, आणि त्यातही ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळात विशेष रूढ आहे. या खेळात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो, तर ‘डन्जन मास्टर’ म्हणून ओळखला जाणारा सूत्रधार उरलेल्या साऱ्या जगाच्या वतीने बोलतो व नियमांचा निवाडा करतो. महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालणाऱ्या अशा सलग खेळाला ‘कँपेन’ म्हणतात. तो ज्या भूगोलात, इतिहासात व देवमंडळात घडतो ते त्याचे ‘सेटिंग’ किंवा कथाविश्व. आणि नकाशे, शत्रूंची आकडेवारी व प्रसंगांची वर्णने आयती पुरवणारी छापील साहसकथा म्हणजे ‘मॉड्यूल’. चालू कँपेन एका विश्वातले आणि मनात भरलेले मॉड्यूल दुसऱ्याच विश्वातले, अशी अडचण सूत्रधारांपुढे वारंवार येते व तीतूनच विश्वांतराची गरज निर्माण होते.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये टीएसआर या कंपनीने बाजारात आणला, तेव्हा प्रत्येक सूत्रधाराने आपले जग आपणच रचावे अशी अपेक्षा होती. पुढील वर्षी ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत बेडकांच्या मंदिराची एक साहसकथा छापली गेली आणि १९७८ मध्ये टीएसआरने राक्षसी देहाच्या जायंट जमातींवरील तीन मॉड्यूले स्वतंत्र पुस्तिकांच्या रूपाने काढली. ‘ग्रेहॉक’ (१९८०), ‘ड्रॅगनलान्स’ (१९८४), ‘फरगॉटन रेल्म्स’ (१९८७), ‘डार्क सन’ (१९९१), ‘एबेरॉन’ (२००४) अशी छापील विश्वे नंतर एकामागून एक आली. विश्वे वाढत गेली तशी एका विश्वाची कथा दुसऱ्यात नेण्याची निकडही वाढली, आणि त्याबरोबर हेही उघड झाले की, मॉड्यूल वरवर कितीही तटस्थ दिसले तरी ते काही गृहीतांवर उभे असते व विश्वांतरात खरा झगडा त्या गृहीतांशी असतो.

गायगॅक्स यांचे ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे नवशिक्यांसाठीचे मॉड्यूल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एक सरहद्दीवरची गढी आणि जवळच्या घळीतील गुहांचा समूह, एवढाच त्याचा पसारा. गढीतील माणसांना नावे दिलेली नाहीत. किल्लेदार, पुजारी, सराफ अशा हुद्द्यांनीच ती ओळखली जातात, आणि भोवतालचे राज्य कोणते हेही सांगितलेले नाही. या मोकळेपणामुळे ते कोठेही बसते असे समजले जाते, व पुढे प्रकाशकांनीच ते एकदा ‘मिस्टारा’ विश्वातील करामेइकोस या प्रदेशात आणि १९९९ च्या उत्तरकथेत ग्रेहॉकमध्ये बसवले, हे त्या समजाला पोषकच ठरले. तथापि हेच मॉड्यूल ड्रॅगनलान्सच्या क्रिन या जगात नेऊ पाहिले तर पहिल्याच बैठकीत अडते. गुहांपैकी दोन ऑर्क टोळ्यांच्या आहेत आणि क्रिनवर ऑर्क ही जमातच नाही. ही अडचण किरकोळ आहे, कारण दुसरी एखादी जमात घालून व आकडेवारी तीच ठेवून काम भागते. आकडे कायम ठेवून केवळ रूप पालटण्याच्या या युक्तीला खेळाडू ‘रीस्किनिंग’ म्हणतात. खरी अडचण गढीतील एका पाहुण्या पुजाऱ्याची आहे. हा गोडबोल्या पुजारी प्रत्यक्षात दुष्ट शक्तीचा हस्तक असून पात्रांच्या सोबतीला जाऊन ऐन वेळी त्यांचा घात करतो, आणि त्याचे सोंग टिकते ते त्या जगात मंत्रसामर्थ्य असलेले पुजारी सर्रास आढळतात म्हणून. क्रिनवर, निदान ‘भाल्याचे युद्ध’ या मध्यवर्ती कथेच्या आरंभी, देव जगाकडे पाठ फिरवून गेलेले आहेत आणि खऱ्या पुजाऱ्यांची परंपरा तीन शतकांहून अधिक काळ खंडित झालेली आहे. तेथे एखाद्याने मंत्राने जखम भरून काढली तर तो चमत्कार ठरेल व गढीभर त्याचीच चर्चा होईल. म्हणून सूत्रधाराला या पात्राचा मुळापासून विचार करावा लागतो. त्याला ‘सीकर’ या क्रिनवरील नव्या, सामर्थ्यहीन पंथाचा उपदेशक करून त्याचा घात मंत्राऐवजी विषाने व फितुरीने घडवावा, किंवा ‘काळोखाची राणी’ या क्रिनवरील दुष्ट देवीकडून गुपचूप सामर्थ्य मिळवलेला आणि म्हणूनच ते लपवण्याची धडपड करणारा भक्त करावे. दुसऱ्या पर्यायात मूळ मॉड्यूलमधील ठराविक खलपात्रापेक्षा कितीतरी सरस पात्र हाती लागते. नवे विश्व जेथे हरकत घेते तेथेच विश्वांतराला निर्मितीचा दर्जा प्राप्त होतो; नावे बदलणे हा त्यातील सर्वांत सोपा भाग असून हौशी सूत्रधारांचा बराचसा वेळ मात्र त्यातच खर्ची पडतो.

रिचर्ड बेकर व जेम्स जेकब्स यांच्या ‘रेड हँड ऑफ डूम’ (२००६) या मॉड्यूलची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. हॉबगॉब्लिन या शिस्तबद्ध लढवय्या जमातीच्या टोळ्या एकत्र करून अझार कुल हा सेनानी एल्सिर खोऱ्यावर चालून येतो, तियामात ही पाच तोंडांची ड्रॅगनदेवी त्याच्या पाठीशी असते आणि शेवटी ब्रिंडोल नगराच्या तटाखाली निकराची लढाई होते. ही फौज कोणत्या दिवशी कोठे पोहोचेल याचे वेळापत्रक मॉड्यूलमध्ये दिले आहे. पात्रांनी दरीवरचा पूल पाडला, रानातील एल्फांशी तह केला किंवा ‘घोस्टलॉर्ड’ या मृत्यूनंतरही वावरणाऱ्या मांत्रिकाला शत्रूपासून फोडले, तर त्यांच्या खाती गुण जमा होतात व अखेरच्या लढाईचे पारडे त्या गुणांवर झुकते. कारण आणि परिणाम यांची ही साखळी स्थलनामांवर विसंबून नसल्यामुळे हे मॉड्यूल प्रदेशांची नावे व इतिहास भरपूर असूनही निनावी मॉड्यूलांपेक्षा चांगले प्रवास करते.

कीथ बेकर यांच्या एबेरॉन विश्वात मात्र या कथेची चार-दोन गृहीते एकदम कोसळतात. तेथे हॉबगॉब्लिन हे रानटी आक्रमक नसून प्राचीन साम्राज्याचे वारस आहेत. शतकभराच्या ‘अंतिम युद्धा’त ते भाडोत्री सैनिक म्हणून लढले आणि युद्ध संपवणाऱ्या थ्रोनहोल्डच्या तहाने दारगून हे त्यांचे राष्ट्र इतर राष्ट्रांच्या बरोबरीने मान्य केले. अशा जगात ‘हॉबगॉब्लिन आले, शस्त्रे उचला’ एवढ्यावर कथा चालत नाही, कारण पात्रांपैकीच एखादे हॉबगॉब्लिन असू शकते. त्यावर उपाय असा की, अझार कुलची फौज दारगूनच्या शासनाला व तहाला न जुमानणारे बंडखोर म्हणून उभी करावी आणि एल्सिर खोरे दारगून व शेजारचे ब्रेलंड हे राष्ट्र यांच्यामधल्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, ब्रेलंडच्या हद्दीत कल्पावे. येथे विश्वांतराने एक जुना प्रश्नही आपसूक सुटतो. संकट एवढे मोठे असताना राजाचे सैन्य का येत नाही, हा प्रश्न चाणाक्ष खेळाडू प्रत्येक मॉड्यूलमध्ये विचारतात व बहुधा त्यांना गुळमुळीत उत्तर मिळते. येथे मात्र ब्रेलंडची फौज सरहद्दीकडे सरकली तर दारगून त्याला तहभंग मानील आणि नुकतेच विझलेले युद्ध पुन्हा पेटेल, हे सबळ कारण विश्वाच्या राजकारणातूनच मिळते. फरगॉटन रेल्म्समध्ये हाच प्रश्न अधिक बोचरा होतो, कारण तेथे एल्मिन्स्टरसारखे महासामर्थ्यवान व सत्प्रवृत्त जादूगार हयात असून त्यांनी स्वस्थ का बसावे याचा खुलासा सूत्रधाराला दर वेळी नव्याने रचावा लागतो. एबेरॉनच्या निर्मात्याने बलाढ्य सज्जनांची संख्या हेतुपुरस्सर मर्यादित ठेवली, यामागे ही डोकेदुखी टाळण्याचाही भाग आहे.

बातमीच्या वेगाचा प्रश्न याच कथेत येतो. मूळ खोऱ्यात निरोप घोड्याच्या पायांनी जातो आणि वेळापत्रकातील सारा ताण त्या संथपणावर पोसलेला असतो, तर एबेरॉनमध्ये सिव्हिस घराण्याची संदेशकेंद्रे व ओरिएन घराण्याची ‘लाइटनिंग रेल’ ही जादूवर चालणारी आगगाडी आहे. खोरे आडवळणाचे ठेवून तेथे रेल्वे पोहोचलेली नाही असे ठरवता येते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे एकमेव संदेशकेंद्र शत्रूच्या हाती पडणे हाच कथेतील पहिला धक्का करावा. ड्रॅगनांच्या बाबतीत मूळ खेळाचा संकेत असा की, लाल, काळे, हिरवे, निळे वगैरे रंगांचे ड्रॅगन दुष्ट आणि धातूच्या रंगांचे ते सुष्ट. एबेरॉनने हा संकेत मोडलेला असल्याने फौजेतील प्रत्येक ड्रॅगनला तेथे असण्याचे स्वतःचे कारण द्यावे लागते. तियामात तर त्या विश्वात देवीच नाही, ती आदियुगात जखडून ठेवलेली पिशाचसत्ता आहे, आणि त्यामुळे तिच्या मंदिरात घडणाऱ्या, कथेच्या शेवटच्या प्रसंगाला देवीच्या आगमनाऐवजी बंध तुटण्याचे रूप येते. या बदलाला लेखणी फारशी झिजवावी लागत नाही, पण प्रसंगाचा अर्थ पालटतो.

प्रकाशकांनीही स्वतःच्या मॉड्यूलांची विश्वांतरे केली आहेत. ट्रेसी व लॉरा हिकमन यांच्या ‘फॅरो’पासून सुरू झालेली वाळवंटातील तीन मॉड्यूले १९८७ मध्ये एकत्र करून फरगॉटन रेल्म्समधील राउरिन वाळवंटात बसवण्यात आली. ‘ब्लडस्टोन पास’ (१९८५) पासूनची मालिका तर निघाली तेव्हा त्या विश्वाची नव्हती व संपेपर्यंत त्याचा भाग झाली. हिकमन दांपत्याच्याच ‘रेव्हनलॉफ्ट’ने (१९८३) उलटी वाट काढली : बारोव्हिया हा पिशाच-सरदार स्ट्रॅहडचा प्रदेश धुक्याने वेढलेला असल्यामुळे त्याला कोणत्याही विश्वात नेऊन बसवण्याऐवजी पात्रांनाच धुक्यातून त्यात ओढून घेता येते. हा तोडगा बिनतोड खरा, पण त्यात पात्रांची मागची सारी नाती तुटतात आणि चालू कँपेन जणू रजेवर जाते.

संपत्तीच्या हिशेबाकडे सहसा दुर्लक्ष होते. ड्रॅगनलान्समध्ये पोलादाची नाणी चालतात व सोन्याला फारशी किंमत नसते. डार्क सनच्या अथास या होरपळलेल्या ग्रहावर धातूच दुर्मीळ असल्याने मातीची भाजलेली नाणी वापरात आहेत. मूळ मॉड्यूलमधील सुवर्णनाण्यांचा पेटारा तसाच ठेवला तर पहिल्या जगात पात्रांना ओझे मिळते आणि दुसऱ्यात ती रातोरात धनाढ्य होतात. जुन्या आवृत्त्यांत हाती आलेल्या दर सुवर्णनाण्यामागे एक अनुभवगुण मिळत असे व त्या गुणांवर पात्राची बढती ठरत असे, त्यामुळे तेथे पेटाऱ्यातील चूक थेट पात्रांच्या सामर्थ्यात उतरते. आवृत्तीबदल, म्हणजे जुन्या नियमांतील आकडे नव्या नियमांत बसवणे, हे काम मात्र विश्वांतराहून वेगळे असून ते बरेचसे यांत्रिक असते.

‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने १९९७ मध्ये टीएसआर विकत घेतल्यानंतर, विशेषतः २०१४ नंतरच्या आवृत्तीत, विश्वांतराच्या सूचना पुस्तकातच देण्याची पद्धत रुळली. ‘प्रिन्सेस ऑफ द अपोकॅलिप्स’मध्ये (२०१५) त्यासाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे, ‘घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श’मध्ये (२०१९) ग्रेहॉकचे बंदर अन्य विश्वांत कोठे हलवावे हे सुचवले आहे. या सूचना बव्हंशी ठिकाणे सांगून थांबतात, गृहीतांना क्वचितच हात घालतात. घरगुती बैठकीतील फेरफारांना कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही, परंतु ते विकायचे झाल्यास विश्वावरील स्वामित्वहक्क आड येतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘डन्जन मास्टर्स गिल्ड’ या अधिकृत विक्रीमंचाने त्यातून वाट काढली व २०१८ पासून एबेरॉनही तेथे खुले झाले.

‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ (२०२२) या संग्रहातील मिमी मंडल या भारतीय लेखिकेची कथा बंगालच्या प्रेरणेने रचलेल्या शंखभूमी या नद्यांच्या प्रदेशात घडते, आणि इतर कथांप्रमाणे तिच्याही सोबत हा प्रदेश अन्य विश्वांत कोठे बसवता येईल याची टिपणे आहेत. नदी व तिच्या काठची माणसे यांचे नाते हाच जिचा कणा, अशी कथा नकाशावरच्या दुसऱ्या एखाद्या खोऱ्यात नुसती उतरवून भागत नाही. सूत्रधाराला तिच्यासोबत त्या काठची गावे, लोकरीती व श्रद्धाही यजमान विश्वात वसवाव्या लागतात.