मधु, मोह आणि कळंब

मद्याला त्याच्या भूमीचे नाव देण्याची प्रथा फ्रान्समध्ये परमावधीस पोहोचली. बोर्दो प्रदेशातील तांबड्या द्राक्षमद्यांची प्रतवारी 1855 साली झाली आणि 1935 च्या कायद्याने अशा स्थलनामांना राष्ट्रव्यापी संरक्षण लाभले. परंतु ही कल्पना भारतीयांना अपरिचित नव्हती. कौटिलीय अर्थशास्त्रात द्राक्षरसापासून झालेल्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून, त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार उत्पत्तिस्थानावरून ओळखावेत असे सांगितले आहे. कापिशी नगरीवरून ‘कापिशायन’ हे रूप कसे सिद्ध होते, हे तर पाणिनीनेच नोंदविले आहे.

उत्तर कोकणच्या अंतर्भागात, म्हणजे कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीत, द्राक्षाचे स्थान मोहाने घेतले. संस्कृत ‘मधूक’ शब्दातील ‘ध’ चा ‘ह’ होऊन व ‘क’ लोप पावून प्राकृतात ‘महुअ’ झाले आणि त्यापासून मराठी ‘मोह’ आला. मनाला भुरळ घालणारा ‘मोह’ हा ‘मुह्’ धातूपासून झालेला निराळा शब्द होय. माणसाला मोहात पाडतो म्हणून तो मोह, ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी निराधार आहे. वृक्षाचे नाव त्याच्या माधुर्यावरून पडले, दोषावरून नव्हे.

हे माधुर्य फुलाच्या मांसल पाकळ्यांत असते. चैत्राच्या सुमारास पहाटे गळणारी फुले वेचून वाळविली जातात. वाळलेल्या फुलांत निम्म्याच्या आसपास साखर असल्यामुळे ती अन्न म्हणूनही उपयोगी पडतात. ती पाण्यात भिजवून काही दिवस आंबवितात व मग भट्टीवर त्यांचा अर्क उतरवितात. म्हणजे द्राक्षमद्य केवळ आंबविलेले, तर मोहाचे मद्य ऊर्ध्वपातित असते. फुलाचा उग्र गंध मात्र अर्कातही टिकून राहतो. प्रथम उतरणारा अर्क सर्वांत तीव्र, म्हणून ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला. या मद्याला प्रतवारी होती ती एवढीच. तीही धारेची, गावाची नव्हे.

असे का व्हावे, याचे उत्तर बऱ्याच अंशी अबकारी इतिहासात सापडते. मुंबई सरकारच्या 1878 च्या अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्यांची जागा मध्यवर्ती भट्ट्यांनी घेतली. उरण हे अशा भट्ट्यांचे मोठे केंद्र होते आणि तेथे लागणारी फुले पंचमहालासारख्या दूरच्या प्रदेशांतून येत. मद्याची गणना आता तीव्रतेच्या अंशांनी व करांनी होऊ लागली. तथापि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची झाडे घरादाराशीच असल्याने चोरट्या भट्ट्या थांबेनात. तेव्हा 1892 साली खास कायदा करून फुलांच्याच व्यवहारावर निर्बंध घालण्यात आले. मद्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी फूलच संशयित ठरले. ज्यांच्या घरी ते टंचाईच्या दिवसांत अन्न होते, त्या ठाकूर-कातकऱ्यांना याची झळ विशेष लागली. पुढे 1949 च्या दारूबंदी कायद्यानेही फुलांवरील नियंत्रण चालूच राहिले. महाराष्ट्र शासनाने ते 2021 साली शिथिल केले.

कर्जत तालुक्यातील कळंब गावाच्या नावाकडे या संदर्भात पाहणे उद्बोधक ठरेल. ‘कदंब’ शब्दाचे ‘कलंब’ हे प्राकृत रूप हेमचंद्राने नोंदविले आहे आणि ‘कळंब’ हा त्याचाच मराठी अवतार होय. विष्णुपुराणातील कथेनुसार वारुणी कदंबाच्या ढोलीत वसली व तिच्या गंधाने बलराम तिकडे ओढला गेला. मद्यवाचक ‘कादंबरी’ शब्दाचा संबंधही याच वृक्षाशी जोडला जातो. यावरून कळंब येथे कधी मद्य होत असे, असा निष्कर्ष अर्थातच काढता येणार नाही. गावांना वृक्षांची नावे सर्वत्रच आढळतात. परंतु वृक्ष, भूमी आणि पेय यांचे नाते भाषेने किती सहज जपले आहे, हे त्यावरून दिसते.

तात्पर्य, बोर्दोत कायद्याने मद्याचे नाव भूमीशी बांधले, तर कुलाब्यात कायद्याने मद्य भूमीपासून तोडले. तेथील मद्याचा इतिहास लेबलावर वाचता येतो. येथील इतिहास मात्र ‘मोह’ या दोन अक्षरांत शोधावा लागतो.