मायक्रोमॅक्स पहिल्या नंबरवर होती तेव्हा

परवा कपाट आवरताना जुना मायक्रोमॅक्स कॅनव्हास सापडला. मुलगा म्हणाला, "बाबा, ही चायनीज कंपनी होती का?" म्हटलं, नाही रे, गुडगावची.

2014 च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिस या संस्थेच्या मोजणीत भारतातल्या स्मार्टफोनमध्ये मायक्रोमॅक्सचा वाटा 22 टक्के होता, सॅमसंगचा 20. सॅमसंगने ते मान्य केलं नाही, तो भाग वेगळा. पण तालुक्याच्या दुकानात सुद्धा मायक्रोमॅक्सचा बोर्ड असायचा, हे आपण बघितलंय. महिनाभर चालणारी बॅटरी, दोन सिम, कमी किंमत. नोकिया दोन सिमला उशिरा जागी झाली, तेवढ्यात यांनी बाजार मारला.

आता खरी मेख. फोन बहुतेक चीनमधून बनवून यायचे आणि आतलं अँड्रॉइड गूगलचं. अँड्रॉइड फुकट, पण प्ले स्टोअर हवं तर गूगलशी करार करायचा, त्यांची सगळी अ‍ॅप्स फोनमध्ये टाकूनच विकायची. मग मायक्रोमॅक्सचं स्वतःचं काय? नाव आणि दुकानदारांचं जाळं. (कंपनीच्या नावात 'इन्फर्मॅटिक्स' आहे, ही गंमतच.) आजही फोन कुठे जोडला यावर आपण छाती फुगवतो, सॉफ्टवेअर कोणाचं हे कोणी विचारत नाही.

एकदा त्यांनी प्रयत्न केला. डिसेंबर 2014 मध्ये 'यू' नावाचा ब्रँड काढला आणि अमेरिकेच्या सायनोजेनकडून तिच्या सॉफ्टवेअरचे भारतापुरते एकट्याचे हक्क घेतले. त्याच महिन्यात वनप्लस तेच सॉफ्टवेअर घालून भारतात आली होती. मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली, वनप्लसच्या विक्रीवर बंदी आली, ती काही दिवसांत उठली. पण वनप्लसने धडा घेतला आणि 2015 मध्ये स्वतःचं ऑक्सिजन ओएस आणलं. 2016 संपता संपता सायनोजेनने सेवाच बंद केली. हक्क विकत घेणारे बसले हात चोळत.

दरम्यान जुलै 2014 मध्येच शाओमी फ्लिपकार्टवरून शिरली होती. तिनेही अँड्रॉइडच घेतलं, पण त्यावर स्वतःचा एमआययूआय थर चढवला. दुकानदाराचं कमिशन नाही, नफा कमी ठेवायचा, आणि पुढे फोनमधल्या जाहिरातींतूनही कमवायचं. मायक्रोमॅक्सला यातलं काही जमण्यासारखं नव्हतं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि 3जी फोनला कुणी विचारेना. 2017 च्या अखेरीस शाओमी पहिल्या नंबरवर.

गूगलच्या त्या करारांवर आपल्या स्पर्धा आयोगाने बोट ठेवलं, 1337.76 कोटींचा दंडही केला. पण कधी? ऑक्टोबर 2022 मध्ये. तोपर्यंत मायक्रोमॅक्स पहिल्या पाचातही उरली नव्हती.