वाऱ्यापुढे वजन

आमच्या गोराईच्या घरी मृगाआधी आजी छपरावरच्या झावळ्यांवर दगड ठेवून घ्यायची. खाडीवरचा वारा छप्पर दाबत नाही, उचलतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

खाडीच्या पलीकडे, 1985 मध्ये सुरू झालेल्या जागतिक बँकेच्या योजनेतून म्हाडाने गोराई-चारकोपचे छोटे भूखंड आखले. त्यांवर स्लॅबची घरं आली. त्याच गच्च्यांवर आज मी सौर पॅनल बसवतो. स्लॅबला भोकं पाडली की गळतीची भीती. म्हणून चौकटीच्या पायांवर काँक्रीटचे ठोकळे. पण भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर आहे! कडेच्या पॅनलांना ओढ जास्त, तिथे ठोकळे वाढवावेच लागतात. जुना स्लॅब तो भार पेलेल का, हे अभियंत्याने तपासल्याशिवाय मी एकही ठोकळा वर चढवत नाही.