एकटेपणा आणि बंदिस्त विचार : महासाथीतील विद्यार्थी

कोविड-१९ची साथ पसरताच मार्च २०२०च्या मध्यापासून राज्यातील महाविद्यालये बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थी आपापल्या गावी परतले. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात ५० टक्के उपस्थितीने सुरू झालेले वर्ग दुसऱ्या लाटेमुळे थांबले. २० ऑक्टोबर २०२१ रोजी ते पुन्हा सुरू झाले.

एकटे असणे आणि एकटेपणा वाटणे यांत मानसशास्त्र फरक करते. हवीशी वाटणारी नाती आणि प्रत्यक्षातील नाती यांतील तफावत म्हणजे एकटेपणा. त्यामुळेच भरल्या घरातही तो जाणवतो. एकटेपणाने ग्रासलेले मन इतरांकडून होणाऱ्या दुखावणुकीबाबत अतिसावध बनते, असे शिकागो विद्यापीठाचे जॉन कॅसिओपो यांच्या संशोधनातून दिसून आले.

बंदिस्त विचारपद्धतीची मीमांसा मिल्टन रोकीच यांनी १९६० मध्ये ग्रंथरूपाने केली. पुढे एरी क्रुग्लान्स्की यांनी निश्चित उत्तराची घाई ही संकल्पना मांडली. संदिग्धता असह्य झाली की माणूस हाती लागलेले पहिले उत्तर घट्ट धरतो व विरोधी पुरावा नाकारतो. महासाथीत संदिग्धतेची कमतरता नव्हती. अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाही, हा प्रश्नच २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटला. त्यातच अफवांचे पेव फुटले होते.

एरवी वर्गात, वसतिगृहात व उपाहारगृहात दुसऱ्या तालुक्याचा, जातीचा, धर्माचा सहाध्यायी भेटतो आणि मते तपासून घेतली जातात. मोबाइलवरील समविचारी गटांत ही संधी क्वचितच मिळते. प्रत्येक एकाकी विद्यार्थी हटवादी होतो, असे मात्र नाही.

ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी मोफत सल्ला मिळतो. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी समुपदेशक नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. समुपदेशनाने मनाला आधार मिळतो. परंतु विचार खुले राहण्यासाठी वादविवाद स्पर्धा, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे अशा प्रत्यक्ष भेटीच्या जागाही जपाव्या लागतात. महासाथीत नेमक्या त्याच बंद होत्या.